तीनचाकीपासून भाडेपट्ट्यापर्यंत : ब्रिटनमधील अपंगांच्या वाहनाचा प्रश्न

१. विषयप्रवेश

कल्याणकारी राज्याच्या इतिहासाचा विचार करू लागले म्हणजे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, सार्वजनिक आरोग्यसेवा आणि घरबांधणी या मोठ्या विषयांकडे वळते. ज्याला चालता येत नाही अशा नागरिकाने घराबाहेर कसे पडावे, हा प्रश्न त्यामानाने गौण समजला गेला आहे. वस्तुतः राज्यसंस्थेच्या कल्याणनीतीत जे काही मूलभूत पेच आहेत त्यांपैकी बहुतेक या एका प्रश्नात एकत्र आलेले दिसतात. गरजू नागरिकाला राज्याने वस्तू द्यावी की पैसा द्यावा? पैसा दिला तर त्याची निवड कोणी करावी? आणि निवडलेली वस्तू दिलेल्या पैशात बसत नसेल तर उरलेला भार कोणी सोसावा?

ग्रेट ब्रिटनमध्ये या प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत तीन वेळा बदलली. प्रथम राज्याने स्वतः वाहन नेमून दिले. नंतर वाहनाऐवजी रोख भत्ता दिला. आणि शेवटी त्या भत्त्याचे भाडेपट्ट्याच्या मोटारगाडीत रूपांतर करणारी 'मोटॅबिलिटी' ही योजना उभी राहिली. प्रस्तुत निबंधाचा हेतू या तीन अवस्थांचा मागोवा घेऊन एक गोष्ट दाखविण्याचा आहे. निवडीचे स्वातंत्र्य अपंग व्यक्तीला मिळाले खरे; परंतु त्याबरोबर किमतीचा जो भाग पूर्वी राज्य उचलीत असे तोही तिच्याकडे आला, आणि हा भाग सर्वांत अधिक त्यांच्याच वाट्यास आला, ज्यांचे अपंगत्व सर्वांत अधिक होते. या योजनेविषयी २०१८ व २०२५ मध्ये जे वाद उत्पन्न झाले त्यांचा उगम या मूळ घटनेत शोधावा लागतो.

२. नेमून दिलेले वाहन

या इतिहासाचा आरंभ पहिल्या महायुद्धापासून करणे युक्त ठरेल. युद्धात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांची जबाबदारी ब्रिटिश सरकारने पेन्शन मंत्रालयाकडे सोपविली, आणि त्यांतील काहींना हाताने चालवावयाच्या किंवा इंजिन बसविलेल्या खुर्च्या पुरविण्यास सुरुवात झाली. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, ही वाहने अपंगत्वाबद्दल नव्हे, तर युद्धसेवेबद्दल दिली जात होती. ज्याचे पाय खंदकात गेले त्याचे राज्य ऋणी होते. ज्याचे पाय खाणीत अथवा पोलिओने गेले त्याच्याविषयी तसे काही मानले जात नव्हते.

ही भेदरेषा १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन झाल्यावर पुसट झाली. ज्याप्रमाणे चष्मा, कवळी किंवा कृत्रिम अवयव आरोग्यसेवेतून मिळू लागले त्याचप्रमाणे चालण्यास असमर्थ असलेल्या सामान्य नागरिकालाही वाहन मिळू लागले. म्हणजेच वाहनाची गणना औषधोपचाराच्या साधनांत झाली. या वर्गीकरणाचे परिणाम दूरगामी ठरले. कृत्रिम पाय जसा रुग्ण स्वतः निवडीत नाही, तसेच वाहनही त्याने निवडावयाचे नव्हते. ते डॉक्टरी तपासणीनंतर नेमून दिले जाई. त्याची मालकी राज्याची असे आणि देखभालही राज्यच करी.

हे वाहन म्हणजे एका माणसाची तीनचाकी गाडी. तिच्या उत्पादकांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव 'इन्व्हाकार' या कंपनीचे आहे. बर्ट ग्रीव्ह्ज या अभियंत्याने डेरी प्रेस्टन-कॉब या आपल्या पक्षाघातग्रस्त चुलतभावाच्या खुर्चीला इंजिन जोडले, आणि त्या खटपटीतून दुसऱ्या महायुद्धानंतर एसेक्स परगण्यात हा कारखाना निघाला. पुढे १९७० च्या दशकात 'मॉडेल ७०' हा प्रकार प्रचारात आला. फायबरग्लासचा सांगाडा, सुमारे ५०० घनसेंटिमीटरचे ऑस्ट्रियन बनावटीचे इंजिन आणि सर्वत्र एकच फिकट निळा रंग अशी त्याची ठेवण होती. त्या दशकाच्या मध्यास अशी सुमारे २०,००० वाहने ब्रिटनच्या रस्त्यांवर होती.

या गाड्यांनी हजारो लोकांना नोकरीवर जाणे शक्य करून दिले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीही तितक्याच खऱ्या होत्या. जोराचा आडवा वारा सुटला म्हणजे हे हलके वाहन डगमगे. उलटण्याचे आणि पेट घेण्याचे प्रसंग घडत. तथापि सर्वांत खोल तक्रार यांत्रिक नव्हती. या गाडीत दुसऱ्या माणसाला बसण्यास जागा नव्हती आणि बसवून नेण्यास परवानगीही नव्हती. अपंग आईला मुलाला शाळेत पोहोचविता येत नसे. पतीपत्नीला एकत्र प्रवास करता येत नसे. वाटेत गाडी बंद पडली तर चालकाला बाहेर पडून मदत मागणेही अवघड होई. शिवाय तो ठरावीक निळा रंग दुरूनच सांगे की, या गाडीत पंगू माणूस आहे. आणि ज्याला स्वतः वाहन चालविता येत नसे, उदाहरणार्थ लहान मूल किंवा अंध व पंगू व्यक्ती, त्याला या व्यवस्थेत काहीच मिळत नसे.

राज्याने काही अपवाद केले होते. तीव्र अपंगत्व आलेल्या युद्धनिवृत्तांना लहान चारचाकी मोटारगाडी मिळू शके, आणि पुढे काही मोजक्या नागरी वर्गांनाही ही सवलत देण्यात आली. परंतु या अपवादांनी असंतोष शमण्याऐवजी वाढलाच. समान दुखणे असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला कुटुंबासह फिरता येईल अशी गाडी आणि दुसऱ्याला एकट्याने बसण्याची तीनचाकी, हा भेद समर्थनीय ठरणे कठीण होते.

या तीनचाकीचे कायद्यातील नाव 'इन्व्हॅलिड कॅरेज' असे होते. भारतीय वाचकाला ही संज्ञा परकी वाटू नये. आपल्याकडील १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती जवळजवळ त्याच व्याख्येसह आली, आणि १९८८ च्या कायद्यातही कायम राहिली. अशा वाहनाची रचनाच मुळात अपंगासाठी केलेली असावी, सर्वसाधारण वाहनात केवळ फेरफार केलेला नसावा, असा त्या व्याख्येचा आग्रह होता. अपंगाचे वाहन हे इतरांच्या वाहनाहून वेगळ्या जातीचे असते, ही कल्पना या एका वाक्यांशात साठविलेली आहे. ब्रिटनमध्ये पुढे जे स्थित्यंतर झाले ते या कल्पनेच्याच विरुद्ध दिशेने झाले.

३. वस्तू की पैसा?

१९७० साली आल्फ मॉरिस या खासदाराच्या प्रयत्नाने दीर्घकालीन रुग्ण व अपंग व्यक्तींविषयीचा कायदा संमत झाला, आणि १९७४ मध्ये तेच अपंगविषयक खात्याचे पहिले मंत्री झाले. त्याच वर्षी बॅरोनेस शार्प यांचा शारीरिक अपंगांच्या प्रवासाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शार्प या गृहनिर्माण खात्यातील ज्येष्ठ सनदी अधिकारी म्हणून गाजलेल्या होत्या, आणि त्यांच्या अहवालात त्यांची प्रशासकीय दृष्टी स्पष्ट दिसते. तीनचाकी हळूहळू बंद करावी आणि तिच्या जागी लहान चारचाकी मोटार द्यावी, अशी त्यांची शिफारस होती. मोटारगाडी महाग असल्यामुळे ती सर्वांना देता येणार नाही. नोकरी, घरसंसार इत्यादी कारणांनी जिची विशेष गरज सिद्ध होईल अशाच व्यक्तीला ती द्यावी, असेही त्यांनी सुचविले. सारांश, वस्तू सुधारावी परंतु ती घेणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी, असे त्यांचे धोरण होते.

सरकारने याहून निराळा मार्ग पत्करला. सामाजिक सेवामंत्री बार्बरा कॅसल यांच्या कारकीर्दीत 'मोबिलिटी अलाउन्स', म्हणजे ज्याला आपण संचारभत्ता म्हणू, तो निर्माण झाला आणि १ जानेवारी १९७६ पासून अमलात आला. ज्याला चालता येत नाही किंवा जवळजवळ येत नाही अशा व्यक्तीला आठवड्याला ५ पौंड मिळावयाचे. वयोगटानुसार हा भत्ता टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आला. भत्त्याचे मोठे वैशिष्ट्य असे की, तो वाहन चालविण्याच्या क्षमतेवर अवलंबून नव्हता. पाच वर्षांचे मूलही त्यास पात्र होते. तीनचाकीच्या व्यवस्थेने ज्यांना वगळले होते त्या सर्वांना प्रथमच समान हक्क प्राप्त झाला. १९७६ च्या उन्हाळ्यात सरकारने तीनचाकीचा पुरवठा क्रमाक्रमाने थांबविण्याचा निर्णयही जाहीर केला. जुन्या चालकांच्या हाती असलेल्या गाड्या मात्र पुष्कळ वर्षे चालत राहिल्या. राज्याच्या मालकीच्या शेवटच्या तीनचाकी २००३ च्या मार्चअखेर रस्त्यावरून काढून घेण्यात आल्या.

न्यायाच्या दृष्टीने हा बदल पुरोगामी होता यात संशय नाही. परंतु हिशेबाची बाजू पाहिली तर अडचण लगेच दिसून येते. आठवड्याला ५ पौंड म्हणजे वर्षाला २६० पौंड. एवढ्या रकमेत टॅक्सीचा अधूनमधून प्रवास होऊ शकला असता. मोटारगाडी विकत घेणे शक्य नव्हते. बँकेकडून कर्ज काढावे तर ज्याला नोकरी नाही आणि ज्याचे उत्पन्न केवळ भत्त्यावर अवलंबून आहे त्याला कर्ज देण्यास कोण तयार होणार? ज्या व्यक्तीकडे पूर्वी निदान राज्याने दिलेली तीनचाकी होती, तिच्या हाती आता वाहन घेण्यास अपुरी पडणारी रक्कम आली होती. अनेक अपंग संघटनांनी तीनचाकी बंद करण्यास केलेला विरोध या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. हा विरोध जुन्या वाहनाच्या प्रेमापोटी झाला, असे मानणे बरोबर होणार नाही.

४. भाडेपट्ट्याची रचना

ही कोंडी फोडण्यासाठी १९७७ मध्ये मोटॅबिलिटी ही धर्मादाय संस्था स्थापन करण्यात आली. मॉरिस यांच्या विनंतीवरून प्रख्यात कायदेपंडित लॉर्ड गुडमन यांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारले. उद्योगपती जेफ्री स्टर्लिंग, जे पुढे लॉर्ड स्टर्लिंग झाले, हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. देशातील मोठ्या बँकांनी भांडवल पुरविण्याचे मान्य केले, आणि जुलै १९७८ मध्ये पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या. त्याच महिन्यात भत्त्याचा दर आठवड्याला १० पौंड झाला, हाही योगायोग महत्त्वाचा होता.

या रचनेचे मर्म तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट अशी की, ग्राहक आपला भत्ता स्वतः घेऊन मग भाडे भरीत नाही. त्याच्या संमतीने सरकारी खाते ती रक्कम परस्पर योजनेकडे वळती करते. त्यामुळे भाडे थकण्याचा धोका जवळजवळ नाहीसा होतो, आणि ग्राहकाच्या पतीची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. जे पूर्वी बँकेच्या दृष्टीने सर्वांत अविश्वसनीय ऋणको होते ते एका रात्रीत सर्वांत सुरक्षित ठरले. त्यांच्या मिळकतीत काही बदल झाला नव्हता, फक्त पैशाची वाट बदलली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे घाऊक खरेदी. एकच संस्था हजारो गाड्या घेऊ लागल्यावर उत्पादक भावात सूट देतात. करांतही सवलत मिळाली. अशा भाडेपट्ट्यावर मूल्यवर्धित कर आकारला जात नसे. कालांतराने विमा, देखभाल, टायर आणि रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत या सर्वांचा समावेश एकाच भाड्यात करण्यात आला. विम्याच्या बाबतीत याचा लाभ विशेष झाला. खुल्या बाजारात तरुण चालकाला किंवा गुन्हेग्रस्त वस्तीत राहणाऱ्याला विम्याचा हप्ता भारी पडतो; योजनेत मात्र एका गाडीचे भाडे सर्वांना एकच असते, कारण सर्वांचा धोका एकत्र केलेला असतो. ही परस्पर-साहाय्याची बाब वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही.

तिसरी गोष्ट भाड्याच्या हिशेबाची आहे, आणि निवडीचा सारा प्रश्न तिच्यावर उभा आहे. गाडी साधारणतः तीन वर्षांनी परत केली जाते आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात विकली जाते. म्हणून ग्राहकाला गाडीची पूर्ण किंमत द्यावी लागत नाही. खरेदीची किंमत वजा तीन वर्षांनंतरची अपेक्षित विक्रीकिंमत, म्हणजे घसारा, आणि त्यावर व्याज, विमा व देखभालीचा खर्च एवढेच त्याने भरावयाचे असते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. बाजारात जिची किंमत टिकून राहते अशी महाग गाडी कधी कधी अपेक्षेपेक्षा स्वस्त भाड्यात पडते, आणि जिची किंमत झपाट्याने उतरते अशी स्वस्त गाडी तितकीशी स्वस्त राहत नाही. दुसरे असे की, तीन वर्षांनंतरच्या बाजाराविषयीचे आजचे अनुमान हेच ग्राहकाच्या निवडीचे क्षेत्र ठरविते. अपंग व्यक्तीला कोणती गाडी परवडेल हे तिच्या गरजेइतकेच जुन्या गाड्यांच्या बाजारभावावर अवलंबून राहिले.

हे भाडे भत्त्याहून कमी भरले तर उरलेली रक्कम ग्राहकाला मिळते. ते भत्त्याहून अधिक भरले तर फरकाची रक्कम गाडी घेतानाच एकरकमी द्यावी लागते. हीच ती 'आगाऊ रक्कम'. ती परत मिळत नाही. उदाहरणादाखल २०२५-२६ चा दर घेऊ. त्या वर्षी संचारघटकाचा उच्च दर आठवड्याला ७७.०५ पौंड होता. तीन वर्षांचे १५६ आठवडे धरले तर एकूण रक्कम सुमारे १२,००० पौंड होते. तीन वर्षांचा घसारा, व्याज, विमा आणि देखभाल मिळून एवढ्या रकमेत ज्या गाड्या बसतात त्या आगाऊ रकमेवाचून मिळतात. बाकीच्यांसाठी स्वतःचा पैसा घालावा लागतो.

५. आगाऊ रकमेचा प्रश्न

येथे निवड आणि परवडणे या दोन गोष्टींची गाठ पडते. भत्त्याची रक्कम सर्वांना एकच आहे, परंतु वाहनाची गरज सर्वांची एक नाही. एखाद्या गृहस्थाचा एक पाय अधू आहे. त्याला क्लच नसलेली लहान गाडी पुरते, आणि तशी गाडी आगाऊ रकमेवाचून मिळण्याचा संभव असतो. दुसऱ्या कुटुंबात चाकांच्या खुर्चीतच बसून प्रवास करावा लागणारे मूल आहे. त्यांना उतरत्या फळीची, उंच छताची आणि खुर्ची पक्की बांधण्याची सोय असलेली मोठी गाडी लागते. तिसऱ्या व्यक्तीला खुर्चीत बसूनच वाहन चालवावयाचे असते. तिच्यासाठी सुकाणू, गतिरोधक आणि प्रवेशाची व्यवस्था खास बनवून घ्यावी लागते, आणि या फेरफाराचा खर्च कित्येकदा गाडीच्या मूळ किमतीच्या बरोबरीने जातो. अशा गाड्यांचा भाडेपट्टा तीनऐवजी पाच वर्षांचा ठेवून भार पसरविण्याचा प्रयत्न योजनेने केला. तरीही फरक उरतोच.

याप्रमाणे समान भत्त्याच्या तत्त्वातून असमान परिणाम उत्पन्न होतो. ज्याचे अपंगत्व सौम्य त्याच्यापुढे निवडीचे विस्तृत क्षेत्र असते. ज्याचे अपंगत्व तीव्र त्याला एकच गाडी उपयोगी पडते आणि तीच सर्वांत महाग असते. शिवाय तीव्र अपंगत्व असलेली व्यक्ती बहुधा कमावती नसते. तीनचाकीच्या काळात हा प्रश्न या स्वरूपात उद्भवला नव्हता. राज्याने दिलेले वाहन वाईट असेल, पण त्यासाठी कोणाला साठविलेला पैसा मोडावा लागत नसे.

ही उणीव भरून काढण्याचे काम योजनेच्या धर्मादाय अंगाकडे आले. ज्यांना आगाऊ रक्कम किंवा फेरफाराचा खर्च झेपत नाही त्यांना मोटॅबिलिटीकडून अनुदान मिळते. हे साहाय्य मोलाचे आहे. तथापि त्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. भत्ता हा हक्क आहे, अनुदान ही कृपा आहे. अनुदानासाठी आपले उत्पन्न व शिल्लक दाखवावी लागते, गरज पटवून द्यावी लागते, आणि गरजेस पुरेल असा सर्वांत कमी खर्चाचा पर्याय स्वीकारावा लागतो. म्हणजेच राज्याने १९७६ साली जी तपासणी सोडून दिली ती सर्वाधिक गरजूंच्या बाबतीत धर्मादायाच्या दारी पुन्हा उभी राहिली. शार्प अहवालातील 'विशेष गरजेची कसोटी' अशा रीतीने आडमार्गाने परत आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच्या जोडीला दुसरीही एक मर्यादा होती. गाडी भत्त्याशी बांधलेली असल्यामुळे भत्ता गेला की गाडी जाते. १९९२ मध्ये संचारभत्त्याची जागा अपंग-निर्वाह भत्त्याने घेतली, आणि २०१३ पासून काम करण्याच्या वयातील लोकांसाठी 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' सुरू झाले. पूर्वी चालण्याच्या असमर्थतेचा अंदाज साधारण ५० मीटरच्या अंतरावर बांधला जाई; नव्या नियमांत उच्च दरासाठी २० मीटरची कसोटी आली. पुनर्तपासणीत हजारो लोकांचा उच्च दर गेला आणि त्यांना गाड्या परत कराव्या लागल्या. त्यांतील काहींना अपिलात भत्ता परत मिळाला, पण मधल्या काळात गाडी हातून गेलेली असे. संस्थेने अशा जुन्या ग्राहकांना एकरकमी साहाय्य दिले, यावरून या प्रश्नाची तीव्रता लक्षात येते. विकत घेतलेली साधी गाडी पुनर्तपासणीने हिरावली गेली नसती. भाडेपट्ट्याच्या सोयीची ही किंमत होती. वृद्धांच्या बाबतीत तर दारच बंद राहिले: निवृत्तीच्या वयानंतर ज्याला प्रथम अपंगत्व येते त्याला मिळणाऱ्या भत्त्यात संचाराचा घटकच नसतो.

६. शिल्लक, तोटा आणि 'चैनीच्या' गाड्या

योजनेच्या व्यावसायिक अंगाची मालकी चार मोठ्या बँकांकडे आहे, परंतु त्या तिच्यातून लाभांश घेत नाहीत. नफा उरला तर तो योजनेतच राहावयाचा. असे असता २०१८ मध्ये या नफ्याविषयीच वाद उद्भवला. संसदीय समित्यांनी प्रथम आणि नंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने योजनेची तपासणी केली. ग्राहकांची सेवा उत्तम आहे, हे लेखापरीक्षकांनी मान्य केले. मात्र दोन अब्ज पौंडांहून अधिक राखीव निधी आणि मुख्य अधिकाऱ्यांना दिलेले मोठे वेतन यांवर टीका झाली. जुन्या गाड्यांच्या विक्रीकिमतीचे अंदाज सातत्याने कमी धरल्यामुळे २००८ पासून एक अब्ज पौंडांहून अधिक अनपेक्षित नफा साठला होता, हे त्यांचे निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. अंदाज कमी धरला म्हणजे घसारा अधिक दिसतो, भाडे वाढते आणि आगाऊ रक्कमही वाढते. म्हणजे हा नफा काही अंशी ग्राहकांनी अगोदरच भरलेला होता. त्यांतील कित्येकांना याच कारणाने एखादी सोयीची गाडी सोडावी लागली असेल.

योजनेची दुसरी बाजूही निष्पक्षपातीपणे मांडली पाहिजे. सावधगिरीचा अंदाज निराधार नव्हता. विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे भाव घसरल्यावर हिशेब उलटला, आणि सप्टेंबर २०२४ अखेरच्या वर्षात योजनेला ५० कोटी पौंडांहून अधिक तोटा सोसावा लागला. राखीव निधी नसता तर हा तोटा भाड्याच्या रूपाने ग्राहकांवर पडला असता. तेव्हा निधी असावा की नसावा हा प्रश्न येथे नाही. तो किती असावा आणि त्याचा वापर आगाऊ रक्कम कमी करण्यासाठी केव्हा व्हावा, हा खरा प्रश्न आहे.

२०२५ मध्ये वादाला वेगळे वळण लागले. तोवर ग्राहकांची संख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती, आणि देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी सुमारे पाचवा हिस्सा या योजनेकडे जात होता. सार्वजनिक पैशावर लोक बीएमडब्ल्यू व मर्सिडीज चालवितात, अशी टीका होऊ लागली. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकाच्या सुमारास या दोन्हींसह काही प्रतिष्ठित बनावटीच्या गाड्या योजनेच्या यादीतून काढण्यात आल्या. आगाऊ रकमेवर मूल्यवर्धित कर आणि भाडेपट्ट्यांवर विमाकर जुलै २०२६ पासून आकारण्याचेही अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केले. खुर्चीसह प्रवेश करता येईल अशा खास गाड्यांना या करांतून वगळण्यात आले.

या टीकेचे परीक्षण करताना दोन रकमा वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. भत्ता गाडीच्या किमतीबरोबर वाढत नाही. महाग गाडी घेणारा वरची रक्कम स्वतःच्या खिशातून देतो, आणि त्याने लहान गाडी घेतली असती तरी सरकारला भत्ता तेवढाच द्यावा लागला असता. या मर्यादेत टीका निराधार आहे. करसवलतीची गोष्ट मात्र तशी नाही. ती किमतीच्या प्रमाणात वाढते, आणि म्हणून महाग गाडीला स्वस्त गाडीहून अधिक सवलत मिळत होती. या मर्यादेत टीकेत तथ्य होते. तथापि कराचा जो उपाय योजला गेला तो आगाऊ रकमेवर पडला आहे, आणि ती रक्कम केवळ हौसेसाठी भरली जाते असे नाही. खास बनविलेल्या गाड्या वगळल्या तरी मधला मोठा वर्ग उरतो. उंच आसनाची, रुंद दाराची, किंवा घडीची खुर्ची, प्राणवायूचे नळकांडे व तीन मुले मावतील अशी साधीच पण मोठी गाडी ज्यांना लागते, त्यांची गरज यादीत 'विशेष' म्हणून नोंदलेली नसते. त्यांच्या दृष्टीने निवड आणि गरज या दोहोंमध्ये सीमारेषा काढणे दुष्कर आहे, आणि कर मात्र ती रेषा काढल्यासारखा वागतो.

७. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, ब्रिटनमधील अपंगांच्या वाहनाचा इतिहास हा सरळ प्रगतीचा इतिहास नाही. तीनचाकीने साधन दिले, परंतु माणसाला कुटुंबापासून आणि इतर नागरिकांपासून वेगळे पाडले. भत्त्याने समानता आणली, परंतु ती समानता रकमेची होती, गरजेची नव्हती. भाडेपट्ट्याने अल्प रकमेला पत मिळवून दिली आणि अपंग कुटुंबाच्या दारात शेजाऱ्यासारखीच गाडी उभी केली. हे त्याचे मोठेच यश होय. त्यात जो अपुरेपणा राहिला तो आगाऊ रकमेत साठलेला आहे. दर पिढीत त्या रकमेभोवतीच वाद होतो, कारण गरजेचा जो भाग भत्त्यात मावत नाही तो तेथे येऊन पडतो.

या इतिहासाचे आपल्याकडील अभ्यासकालाही महत्त्व आहे. भारताच्या मोटार वाहन कायद्यातून 'इन्व्हॅलिड कॅरेज' ही संज्ञा २०१९ च्या दुरुस्तीने गेली, आणि तिच्या जागी आलेल्या 'अनुकूलित वाहन' या अर्थाच्या संज्ञेत सर्वसाधारण वाहनात केलेला फेरफारही मान्य झाला. कायद्याच्या भाषेने वेगळ्या जातीच्या वाहनाची कल्पना सोडली. पण फेरफार केलेली गाडी घेण्यासाठी लागणारा पैसा आपल्याकडे अद्याप प्रायः कुटुंबालाच उभा करावा लागतो. सार्वजनिक साहाय्याच्या योजनांतून मिळते ती मुख्यतः तीनचाकी सायकल किंवा तिचा इंजिन बसविलेला प्रकार. ब्रिटनने १९४८ ते १९७८ या तीस वर्षांत ज्या पायऱ्या ओलांडल्या त्यांपैकी पहिल्या पायरीवरच आपण बहुतांशी उभे आहोत. पुढील पायरी घेताना रक्कम किती द्यावी याबरोबरच ती रक्कम कोणाला पुरणार नाही, हे आधी मोजून पाहणे अगत्याचे आहे. ते न पाहिल्यामुळे काय होते हे ब्रिटनच्या अनुभवावरून पुरेसे स्पष्ट झाले आहे.